डॉलमध्ये मंत्र्यांना कोण, कसं आणि कशावरून पकडतं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

डब्लिनला येऊन बरीच वर्षं झाली. दर दोनतीन आठवड्यांनी ग्रुपवर कोणीतरी अर्ध्या मिनिटाची क्लिप टाकतं, त्यात इथल्या संसदेत एक बाई किंवा बाप्या उभा राहून पंतप्रधानावर तोंडसुख घेत असतो आणि खाली मेसेज येतात, "हे तर आपल्या विधानसभेसारखंच आहे की". मग तेच तेच प्रश्न. दर वेळी टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतोय, पुढच्या वेळी लिंक टाकीन आणि गप्प बसेन.

डॉल म्हणजे काय आणि हे टीडी, टीशॉक वगैरे कोण लोक?

डॉल म्हणजे आयर्लंडच्या संसदेचं खालचं सभागृह, आपली लोकसभा समजा. वरच्याला शॅनड म्हणतात, तिथे ६० जण. डॉलमधल्या सदस्याला टीडी, पंतप्रधानाला टीशॉक, उपपंतप्रधानाला टॉनिश्ता. ही सगळी आयरिश भाषेतली नावं, स्पेलिंग बघून उच्चार करायला जाऊ नका, मी पहिलं वर्षभर चुकीचंच म्हणत होतो आणि ऑफिसातले लोक सभ्यपणे ऐकून घेत होते. सभापतीला क्यान कॉर्ल्या म्हणतात. सध्या व्हेरोना मर्फी आहेत, डिसेंबर २०२४ मध्ये निवडून आल्या, या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या बाई.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपासून टीडी १७४ झालेत, आधी १६० होते. म्हणजे बहुमताला ८८ लागतात. फियाना फॉल ४८ आणि फिने गेल ३८ असे दोन पक्ष मिळून ८६ झाले, म्हणून काही अपक्ष सोबत घेऊन सरकार बनलं. समोर शिन फेन ३९ घेऊन सगळ्यात मोठा विरोधी पक्ष, मग लेबर ११, सोशल डेमोक्रॅट्स ११ आणि बाकी छोटे छोटे. हे आकडे लक्षात ठेवा, खाली २०२५ च्या राड्यात कामाला येतील.

बसतात कुठे, तर किल्डेअर स्ट्रीटवरच्या लेनस्टर हाऊसमध्ये. याच आवारात सायकली लावायला एक शेड बांधली, ३६ सायकलींची, आणि खर्च आला ३,३६,००० युरो. २०२४ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा लोक इतके चिडले की महिनाभर बसमध्ये दुसरा विषय नव्हता.

विरोधकांना प्रश्न विचारायचा हक्क येतो कुठून?

राज्यघटनेतून. कलम २८ सांगतं की सरकार डॉलला जबाबदार आहे. बस, एवढंच वाक्य, बाकीचं सगळं सभागृहाच्या नियमांत. पण या एका वाक्याच्या जोरावर साधा अपक्ष टीडी सुद्धा उभा राहून मंत्र्याला विचारू शकतो की बाबा, तुझ्या खात्यात हे काय चाललंय.

टीव्हीवर जी भांडणं दिसतात ती नेमकी कुठली?

नव्वद टक्के वेळा लीडर्स क्वेश्चन्स. मंगळवारी आणि बुधवारी टीशॉक उत्तरं देतात, गुरुवारी टॉनिश्ता किंवा दुसरा कोणी मंत्री. विरोधी गटांचे नेते एकेक करून उठतात. नेत्याला तीन मिनिटं, उत्तराला तीन मिनिटं, मग उलटप्रश्नाला एक मिनिट आणि शेवटच्या उत्तराला एक. घड्याळ चालू असतं, वेळ संपली की सभापती घंटी वाजवतात आणि कोणी थांबत नाही.

इथली गंमत अशी की विषय आधी सांगावा लागत नाही. टीशॉकला माहीत नसतं समोरची आज घरभाड्यावर बोलणार की हॉस्पिटलच्या ट्रॉलीवर पडून राहिलेल्या म्हाताऱ्यांवर. अधिकारी जाडजूड फाईल तयार करून देतात, सकाळच्या बातम्या बघून अंदाज बांधतात, पण तो अंदाजच. म्हणून क्लिपमध्ये कधीकधी टीशॉक पानं उलटताना दिसतात, ते बघायला मला फार आवडतं. त्या पानांच्या आवाजातच कळतं की आज नेम बसला.

आणि उत्तर मिळतं का?

इथेच खरी मेख आहे. पूर्वी जो हिगिन्स नावाचे एक समाजवादी टीडी होते, डब्लिनचे, बोलण्यात एकदम तिखट. बर्टी अहर्न टीशॉक असताना ते वैतागून म्हणाले होते की या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे गवताच्या गंजीवर हँडबॉल खेळणं, धप्प असा आवाज येतो आणि चेंडू काही परत येत नाही. इथला हँडबॉल म्हणजे भिंतीवर हाताने चेंडू मारायचा खेळ, भिंत असली तर चेंडू उसळून येणार, गंजीत मात्र रुतून बसणार. वीस वर्षं होऊन गेली तरी लोक हे वाक्य काढतात, कारण अजूनही तेच होतं. प्रश्न घरांचा असतो आणि उत्तर सुरू होतं "हा अत्यंत गंभीर विषय आहे" पासून, मग मागच्या सरकारवर गाडी जाते, मग अमुक कोटी युरो दिले तो आकडा येतो आणि तेवढ्यात घंटी.

त्यामुळे मी तरी लीडर्स क्वेश्चन्सकडे उत्तर मिळवायची जागा म्हणून बघत नाही. उत्तर टाळलं गेलं हे सगळ्यांसमोर आणि रेकॉर्डवर दाखवायची ती जागा आहे. खरी शिकार दुसरीकडे होते, सांगतो.

बाकीच्या मंत्र्यांना कधी पकडतात?

तोंडी प्रश्नांच्या वेळी. प्रत्येक खात्याचा नंबर चारपाच आठवड्यांनी येतो, पाळीपाळीने. सुरुवातीचे काही प्रश्न विरोधी गटांसाठी राखीव, त्यांना प्रायॉरिटी क्वेश्चन म्हणतात. नंतरचे लॉटरी काढून, हो, खरोखर लॉटरी. तुमचा प्रश्न कितीही महत्त्वाचा असू दे, चिठ्ठी सत्तराव्या नंबरवर निघाली की तोंडी उत्तराची आशा सोडायची, लेखी काय येईल ते घ्यायचं.

त्यात मंत्र्यांची एक जुनी युक्ती आहे, एकसारखे दिसणारे आठदहा प्रश्न एकत्र बांधून एकच उत्तर वाचून टाकायचं. दहा जणांनी दहा बाजूंनी विचारलेलं असतं, उत्तर मात्र सपाट. पण कधीकधी ही युक्ती अंगाशी येते, कारण मग दहाही जण उलटप्रश्नाला उठतात.

आपल्याकडचे तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न ज्यांना माहीत आहेत त्यांना हे लगेच कळेल.

लेखी प्रश्नांचं एवढं काय कौतुक?

कारण तिथे आरडाओरडा नाही, टाळ्या नाहीत, कॅमेरा नाही, आणि मंत्र्याच्या खात्याला कागदावर सही-शिक्क्यानिशी काहीतरी लिहून द्यावं लागतं. साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत. वर्षाला असे हजारो नाही, हजारोंच्या दहादहा थप्प्या प्रश्न पडतात. सगळी उत्तरं छापली जातात, वेबसाइटवर कायमची राहतात.

यातला मोठा भाग गावकीच्या कामांचा असतो. अमुक शाळेला जादा खोली कधी, तमुक रस्ता कधी. आणि असंख्य प्रश्नांत एक ठरलेला शब्दप्रयोग दिसतो, "एक व्यक्ती, तपशील दिलेला आहे". म्हणजे नाव-पत्ता खात्याला वेगळा कळवलाय, छापायचा नाही. एक व्यक्ती, तपशील दिलेला आहे, हिला खुब्याच्या ऑपरेशनची तारीख कधी मिळेल. मी एकदा रात्री हे वाचत बसलो होतो आणि शेपन्नास वाचून झाल्यावर मोबाइल बाजूला ठेवला, प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी आजी होती. आरोग्याच्या प्रश्नांना उत्तर बहुधा एकच, हा प्रत्यक्ष सेवेचा विषय असल्याने आरोग्यसेवेला टीडींना थेट कळवायला सांगितलं आहे. उत्तर आलं म्हणायचं आणि नाही पण आलं म्हणायचं. पण थेट कळवणं मात्र त्यांना भाग असतं, आणि पुष्कळदा फाईल तेव्हाच हलते.

तुमचा स्वतःचा अनुभव आहे का?

आहे. आमच्या घरातला एक कागद एका सरकारी खात्यात अडकला होता, कुठल्या ते सांगत नाही. चौदा महिने. फोन केला की गाणं वाजतं, ईमेल केला की "आपला ईमेल मिळाला". शेवटी शेजारचे आजोबा म्हणाले अरे टीडीकडे जा, मला वाटलं थट्टा करताहेत. शनिवारी सकाळी गेलो, एका दुकानावरची खोली, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, माझ्या आधी एक बाई मुलाच्या स्कूलबसचं गाऱ्हाणं घेऊन आलेली. टीडी विरोधी पक्षाचे. मदतनीस मुलीने एक संमतीपत्र भरून घेतलं आणि विचारलं, अर्ज कोणत्या तारखेला दिला, पोचपावतीचा नंबर काय, शेवटचं उत्तर कधी आलं. माझी रडकथा ऐकायला तिला वेळ नव्हता, तारखा हव्या होत्या. आठवड्याभरात प्रश्न छापून आला, आम्ही झालो "एक व्यक्ती, तपशील दिलेला आहे". उत्तर नेहमीचंच गोलगोल. पण त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं.

माझा नंबर रांग मोडून पुढे घेतला का? माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तो विचार मनात येतो. ज्याला टीडीकडे जायचं सुचलं नाही त्याचं काय.

प्रश्नामुळे खरंच कोणाची खुर्ची गेलीये का?

गेलीये, आणि ती गोष्ट जरा नीट सांगतो, कारण लेखी प्रश्न काय करू शकतो हे यातून कळतं.

मॉरिस मकेब नावाचा एक पोलीस सार्जंट. पोलिसखात्यातले गैरप्रकार त्याने बाहेर काढले. त्यावर २०१५ मध्ये एक चौकशी आयोग बसला होता आणि त्या बंद दाराआडच्या सुनावणीत पोलिसखात्याच्या वकिलांनी उलट या सार्जंटच्याच हेतूवर हल्ला करायचं ठरवलं होतं. प्रश्न असा होता की कायदा आणि न्याय खात्याला हे आधी माहीत होतं का, आणि माहीत होतं तर कधीपासून.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये लेबर पक्षाचे टीडी ॲलन केली यांनी हे लेखी प्रश्नांतून धरून ठेवलं. भाषण वगैरे नाही, नुसतं कोणाला कळलं, कधी कळलं, कागद आहे का. एक उत्तर आलं की त्यातल्या फटीवर पुढचा प्रश्न. तेव्हाचे टीशॉक लिओ वराडकर यांनी डॉलमध्ये सांगितलं की फ्रान्सिस फिट्झजेराल्ड, ज्या २०१५ मध्ये न्यायमंत्री होत्या आणि आता टॉनिश्ता झाल्या होत्या, त्यांना हे नंतरच कळलं. मग खात्यातून मे २०१५ चा एक ईमेल निघाला, त्यात त्यांना कळवलेलं होतं. टीशॉकना डॉलमध्ये येऊन आधीची माहिती दुरुस्त करावी लागली. विरोधक अविश्वास ठरावाच्या तयारीला लागले, ख्रिसमसच्या तोंडावर निवडणूक होणार अशी हवा झाली, आणि २८ नोव्हेंबर २०१७ ला फिट्झजेराल्ड यांनी राजीनामा दिला.

आता पुढचा भाग, जो क्लिप फॉरवर्ड करणारे सांगत नाहीत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती चार्ल्टन यांच्या न्यायाधिकरणाचा अहवाल आला आणि त्यात फिट्झजेराल्ड यांची वागणूक योग्यच होती असं निघालं. म्हणजे प्रश्न बरोबर होते, माहिती लपली होती हेही खरं, आणि तरी जिची खुर्ची गेली तिची चूक नव्हती. मला यात केलींचा दोष वाटत नाही. खात्याने पहिल्याच दिवशी तो ईमेल शोधून समोर ठेवला असता तर कदाचित कोणालाच जावं लागलं नसतं.

मंत्री अर्धवट उत्तर देऊन सुटू शकतो का?

सुटतो की. पण कधीकधी त्याची किंमत अख्ख्या देशाला पडते. १९८० च्या दशकाच्या शेवटी इराकला गोमांस निर्यात करण्याच्या सरकारी विम्यावरून विरोधक डॉलमध्ये वारंवार विचारत होते, डेस ओमॅली, पॅट रॅबिट, डिक स्प्रिंग ही त्यातली काही नावं. धड उत्तर येईना. मग मे १९९१ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर त्याच धंद्यावर कार्यक्रम झाला आणि न्यायाधिकरण नेमावं लागलं. ते चाललं १९९४ पर्यंत, वकिलांची फी किती झाली विचारू नका. चौकशीचे न्यायमूर्ती लिअम हॅमिल्टन सुनावणीतच म्हणाले की इथे जशी उत्तरं मिळताहेत तशी डॉलमध्ये मिळाली असती तर या चौकशीची गरजच पडली नसती. पुढे १९९७ मध्ये इथला माहिती अधिकाराचा कायदा आला त्यामागे या प्रकरणाचा कडवटपणाही होता.

आता निदान उत्तर अपुरं वाटलं तर टीडी सभापतींकडे लेखी तक्रार करू शकतो.

सभागृहात काहीही बोललं तरी चालतं का?

कोर्टाच्या दृष्टीने, हो. कलम १५ प्रमाणे सभागृहातल्या बोलण्यावर कुठलंही कोर्ट कारवाई करू शकत नाही. २८ मे २०१५ ला कॅथरीन मर्फी या तेव्हाच्या अपक्ष टीडींनी सरकारजमा झालेल्या एका बँकेने एका बड्या उद्योजकाला दिलेल्या कर्जाचे तपशील डॉलमध्ये वाचून दाखवले. त्या विषयावर सरकारी टीव्हीला कोर्टाची मनाई होती, त्यामुळे बऱ्याच वृत्तसंस्था तिचं भाषण सुद्धा छापायला घाबरल्या. म्हणजे संसदेत उघडपणे बोललेलं पेपरात नाही! पाच दिवसांनी, २ जूनला कोर्टाने स्पष्ट केलं की मनाई डॉलच्या भाषणाला लागू नाही.

सभापतींच्या दृष्टीने मात्र काहीही चालत नाही. दुसऱ्याला खोटारडा म्हणायची बंदी. पूर्वीच्या निर्णयांमधून जमलेली एक यादी आहे, त्यात विदूषक, भित्रा, ढोंगी, उंदीर, फॅसिस्ट अशा अर्थाचे शब्द आहेत. डिसेंबर २००९ मध्ये पॉल गोगार्टी या ग्रीन पक्षाच्या टीडीने भर सभागृहात समोरच्याला ती इंग्रजीतली चार अक्षरी शिवी घातली, आपण असंसदीय भाषेत बोलतोय हे आधीच सांगून, आणि वर लगेच माफीही मागितली. नंतर लोकांनी यादी उघडून पाहिली तर ती शिवी तिच्यात नव्हतीच, कारण कोणी देईल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

वराडकर आपलेच ना?

वडील आपले. डॉ. अशोक वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आई आयरिश, जन्म डब्लिनचा. जून २०१७ ते जून २०२० टीशॉक, मग पुन्हा डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४. २०१९ च्या डिसेंबर अखेरीला टीशॉक असताना वराडला जाऊन आले तेव्हा गावाने केलेलं स्वागत सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तिथे माळा, पण इकडे डॉलमध्ये शिन फेनच्या मेरी लू मॅकडॉनल्ड समोर उभ्या राहायच्या, तेव्हा आपला म्हणून कोणी सोडत नसे.

उत्तर देताना त्यांची जीभही घसरायची. जुलै २०१९ मध्ये त्यांनी विरोधी नेते मिहॉल मार्टिन यांची तुलना वेदीवरून पापाबद्दल प्रवचन देणाऱ्या आणि मागे जाऊन स्वतः पाप करणाऱ्या पाद्र्याशी केली. या देशात चर्चच्या जखमा अजून ओल्या आहेत, भयंकर ओरड झाली, माफी मागावी लागली. आणि पुढच्याच वर्षी हे दोघं एका सरकारात! मार्टिन टीशॉक, वराडकर टॉनिश्ता, अडीच वर्षांनी खुर्च्यांची अदलाबदल. काल प्रश्न विचारणारा आज उत्तर देतोय, आणि तोही तसंच गोलगोल.

२०२५ मध्ये एवढा राडा कशावरून झाला?

वर सांगितलेले आकडे आठवा. सरकारला पाठिंबा देणारे काही अपक्ष, मायकल लाउरी यांच्या गटातले, म्हणाले की आम्ही मंत्री नाही, तर आम्हाला विरोधकांच्या बाकावरून बोलायचा वेळ द्या. विरोधक भडकले, सरकार बनवायची बोलणी तुम्ही केली आणि प्रश्न विचारायलाही तुम्हीच? बरोबरच आहे माझ्या मते, आपल्याच नवऱ्याला पंच नेमण्यातला प्रकार. २२ जानेवारीला गोंधळ इतका वाढला की टीशॉकची निवडच त्या दिवशी होऊ शकली नाही, मार्टिन दुसऱ्या दिवशी निवडून आले. मार्चमध्ये नियम बदलायचा ठराव भर गदारोळात मंजूर झाल्याचं सभापतींनी जाहीर केलं, त्याच दिवशी लाउरींनी एका विरोधी टीडीला दोन बोटं दाखवली (इथे ती शिवीच समजतात) तो फोटो जगभर गेला. विरोधकांनी सभापतींवर अविश्वास आणला, १ एप्रिलला मतदान झालं आणि सभापती ९६ विरुद्ध ७१ ने टिकल्या.

भांडण आठवड्यातल्या काही मिनिटांचं होतं. पण जो हिगिन्ससारख्या एकट्या माणसाला टीशॉकसमोर उभं राहता आलं ते लहान लोकांनी गट करून मिळवलेल्या अशाच काही मिनिटांमुळे.

माझा पासपोर्ट भारतीय आहे, मला टीडीकडे जाता येतं का?

जा बिनधास्त. डॉलच्या निवडणुकीत मत आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांनाच आहे, पण स्थानिक निवडणुकीत इथे राहणाऱ्या कोणालाही मत देता येतं, पासपोर्ट कुठलाही असो. आणि टीडी प्रश्न विचारताना मतदारयादी बघत नाही. एका मतदारसंघात तीन ते पाच टीडी असतात, एकाने टोलवलं तर दुसरा. मी तर सांगीन विरोधातला गाठा, त्याला मंत्र्याला दुखवायची भीती नसते. जाताना तारखा आणि पोचपावत्या घेऊन जा, रडकथा घरी ठेवा.

प्रत्यक्ष बघायला मिळतं का?

मिळतं. टीडीच्या ऑफिसला सांगितलं की प्रेक्षक गॅलरीचा पास निघतो, ओळखपत्र न्यायचं. सभागृह वाटतं त्यापेक्षा लहान आहे, घोड्याच्या नालेसारखी बाकं, पूर्वी ते रॉयल डब्लिन सोसायटीचं व्याख्यानाचं दालन होतं. बुधवारी बाराच्या सुमारास जा, लीडर्स क्वेश्चन्स सापडतील. पण जमलं तर त्यानंतरही बसून राहा. पत्रकार उठून जातात, बाकं रिकामी होतात, कुठल्यातरी खात्याचा मंत्री आणि समोर तीनचार टीडी उरतात, आणि एक जण हातातला कागद बघून विचारत असतो, मंत्रिमहोदय, पत्र तुमच्या खात्याला कोणत्या तारखेला मिळालं?